जपानी प्राथमिक शाळेतील इंग्रजी तासाचे टाचण

जपानच्या सरकारी प्राथमिक शाळेत इंग्रजीच्या तासाला वर्गशिक्षकाच्या जोडीला उभा राहणारा परदेशी साहाय्यक, तासात काय, कोणत्या क्रमाने आणि किती मिनिटे करायचे याचा जो आराखडा लिहितो ते हे टाचण. जपानी शिक्षक टाचणाला ‘शिदोआन’ म्हणतात आणि साहाय्यकाला ‘एएलटी’. परदेशी पदवीधरांना शाळांत नेमणारा जेट कार्यक्रम 1987 साली चार देशांतल्या 848 जणांनिशी सुरू झाला. त्यासाठी कोणत्याही विषयातली पदवी चालते, अध्यापनाचा परवाना लागत नाही. त्यामुळे पहिले टाचण लिहिणाऱ्याने त्याआधी कधी खडू हातात धरलेला असेलच असे नाही.

प्राथमिक इंग्रजी तिथे तशी नवीच. 2011 पासून पाचवी-सहावीला वर्षाला 35 तासिकांचा ‘परदेशी भाषा उपक्रम’ सक्तीचा झाला. 2020 पासून तो तिसरी-चौथीला लागू झाला आणि पाचवी-सहावीला वर्षाला 70 तासिकांचा, पाठ्यपुस्तक व श्रेणी असलेला पूर्ण विषय आला. हा फरक टाचण लिहिताना फार महत्त्वाचा आहे. तिसरी-चौथीत भर फक्त ऐकण्याबोलण्यावर असतो; वाचन-लेखनाची सुरुवात पाचवीपासून. तिसरीच्या टाचणात स्पेलिंगची चाचणी दिसली, की लिहिणाऱ्याने अभ्यासक्रम उघडूनही पाहिलेला नाही हे ओळखावे. चारही वर्षे मिळून मुलांपुढे यायचे शब्द 600 ते 700. एकाच तासात पंचवीस शब्द कोंबणाऱ्याने हा आकडा आठवून पाहावा.

तासिका 45 मिनिटांची असते, पण हातात तेवढी पडत नाही. मुले उभी राहतात, वाकून नमस्कार होतो. मग वार, तारीख, हवामान. त्यानंतर फळ्यावर ‘मेआते’, म्हणजे आजचा उद्देश, लिहिला जातो. शेवटची पाच मिनिटे ‘फुरिकाएरी’ची: आज काय जमले, काय अवघड गेले, हे मुले छोट्या कार्डावर लिहितात. मराठी शिक्षकांना यात हेतुकथन आणि समारोप ओळखीचे वाटतील. पाठाचे ठरीव टप्पे पाडणारी, जर्मन शिक्षणविचारवंत हर्बार्टच्या अनुयायांची पंचपदी जपानमध्येही मेइजी काळात (1868-1912) पोहोचली होती. 1887 साली टोकियोच्या विद्यापीठात शिकवायला आलेल्या एमिल हाउसक्नेख्ट या जर्मन प्राध्यापकाचा त्यात मोठा वाटा होता. हे सगळे वजा जाता नव्या शिक्षकाच्या वाट्याला जेमतेम अर्धा तास उरतो. त्यात दोन कृती पुरतात, तिसरी खिशात असावी. पहिल्या टाचणात सहा खेळ लिहिलेले असतात, त्यातले साडेतीन होतात आणि उद्देशाशी ज्याचा खरा संबंध तोच राहून जातो.

एक उदाहरण जवळून पाहू. तिसरी-चौथीसाठी शिक्षण मंत्रालयाने ‘लेट्स ट्राय!’ ही दोन पुस्तके काढली आहेत. पहिल्या पुस्तकातला तिसरा घटक ‘हाउ मेनी?’ हा आहे, म्हणजे मोजणी. नवखा लिहितो: ‘आकडे शिकवणे, 15 मिनिटे.’ या ओळीवरून मुले त्या पंधरा मिनिटांत काय करत असतील ते कळत नाही, आणि बहुधा ती कंटाळत असतात. त्याऐवजी असे लिहिता येते: प्रत्येकाने कागदावर एक ते दहांपैकी मनाला येईल तेवढी वर्तुळे काढायची, कागद छातीशी धरायचा, वर्गभर फिरून ‘हाउ मेनी?’ विचारायचे आणि आपल्याइतकीच वर्तुळे असलेला गडी शोधायचा. समोरच्याचा आकडा ठाऊक नसतो, म्हणून विचारण्याला अर्थ येतो. एरवी सगळ्यांना दिसणारी तीन सफरचंदे दाखवून ‘किती?’ विचारले, तर मूल उत्तर देते ते निव्वळ शिष्टाचार म्हणून.

या कृतीखाली आणखी चार गोष्टी टिपलेल्या हव्यात. सूचना शब्दांनी न देता वर्गशिक्षकाबरोबर करून दाखवायची; तिसरीच्या मुलांना इंग्रजीतल्या सूचना त्या तासाच्या इंग्रजीहून अवघड जातात. फिरणे थांबवायची खूण आधीच ठरलेली असावी. पुढे जोड्या पाडायच्या असतील आणि पट 31 असेल, तर उरलेले एक मूल कोणाबरोबर, हेही लिहावे. आणि मुले ‘थ्री ॲपल’ म्हणणार, कारण जपानी नामाला अनेकवचनाचा प्रत्यय सहसा लागतच नाही. ते प्रत्येक वेळी दुरुस्त करायचे की आपण ‘थ्री ॲपल्स’ म्हणून पुढे जायचे, हे आधी ठरवावे. दुसरा मार्ग बरा.

कागद तपासतानाही एक फसगत होते. जपानी शाळेत बरोबर उत्तराभोवती गोल काढतात. बरोबरची म्हणून आपण करतो ती खूण तिथे सहसा चुकीसाठी असते. नव्या शिक्षकाने कौतुकाने बरोबरच्या खुणा केल्या, की मुलांचे चेहरे उतरतात.

टाचण दोघांचे असते ही गोष्ट मात्र सर्वांत उशिरा उमगते. परवाना वर्गशिक्षकाकडे, म्हणून तासाची जबाबदारीही त्याची. म्हणून टाचणात शिक्षकासाठी दोन रकाने हवेत: तो काय करील, मी काय करीन. वर्गशिक्षकाचा रकाना रिकामा सोडला, तर तो मागे उभा राहून वह्या तपासतो, आणि त्याला दोष देता येत नाही. खरी अडचण बैठकीच्या वेळेची. एक साहाय्यक अनेकदा चार-पाच शाळा सांभाळतो आणि वर्गशिक्षकाला बाकीचे बहुतेक विषय शिकवायचे असतात. चर्चा व्हायची ती व्हरांड्यात, तीन मिनिटांत. तेव्हा त्याच्यासाठी टाचण एका पानाचे असावे, त्यातही चित्रे जास्त. काही नगरपालिका साहाय्यक खासगी कंपनीकडून कंत्राटावर घेतात. कंत्राट ठेक्याच्या स्वरूपाचे, म्हणजे ठरलेले काम कंपनीनेच आपल्या माणसाकडून करवून द्यायचे असे असेल, तर कायद्याने वर्गशिक्षक साहाय्यकाला थेट कामाच्या सूचनाही देऊ शकत नाही. एकाच वर्गात दोघांनी मिळून शिकवायचे आणि एकाने दुसऱ्याला काही सांगायचे नाही, या विचित्र अवस्थेत सगळा भार आधी लिहून दिलेल्या टाचणावर पडतो.

दक्षिण कोरियात चित्र थोडे निराळे आहे. तिथे प्राथमिक इंग्रजी 1997 साली तिसरीपासून सुरू झाली, तासिका 40 मिनिटांची असते आणि परदेशी शिक्षकांना आणणारा एपिक कार्यक्रम 1995 पासून चालतो. एरवी पाठ्यपुस्तक हाताशी असते, पण सुट्टीतल्या इंग्रजी शिबिरांत बहुधा तेही नसते. आठवडाभराचे टाचण स्वतःच रचावे लागते.

जपानमध्ये तिसरीच्या तीन तुकड्या असल्या, तर एकच टाचण एका दिवसात तीनदा चालवायची वेळ येते. पहिल्या तुकडीत सूचना फसते, दुसरीत वेळ चुकतो, तिसरीत तास रंगतो. वेळापत्रक वर्षभरासाठी ठरलेले असल्याने फसलेला तास वर्षभर बहुधा त्याच तुकडीच्या वाट्याला येतो.