पाइपिंग क्लास संकेत

तेलशुद्धीकरण, खत किंवा रसायन कारखान्यातील एखाद्या पाइपलाइनसाठी पाइप, एल्बो (वळणाचा तुकडा), फ्लँज (बोल्टने जोड देणारी चकती), व्हॉल्व्ह, गॅस्केट (जोडातील गळतीरोधक चकती) आणि स्टडबोल्ट कोणत्या धातूचे, किती जाडीचे व कोणत्या मानकानुसार घ्यायचे हे ठरवून देणाऱ्या तपशीलपत्राच्या लघुनामाला पाइपिंग क्लास संकेत म्हणतात. मुंबईच्या डिझाइन कार्यालयांत बोलताना त्याला नुसते ‘स्पेक’ म्हटले जाते.

आराखड्यावर हा संकेत लाइन नंबरच्या पोटात असतो. उदाहरणार्थ, ‘६ इंच-पी-१०२३-बी१ए-एच’ या क्रमांकात व्यास, प्रवाहाचा प्रकार, अनुक्रमांक आणि उष्णतारोधक आवरण यांच्यामध्ये बसलेला ‘बी१ए’ हा संकेत होय. अनेक पद्धतींत पहिले अक्षर फ्लँजचे रेटिंग, म्हणजे दाब सोसण्याचा वर्ग, दाखवते (ए म्हणजे १५० क्लास, बी म्हणजे ३०० क्लास) आणि पुढील चिन्हे धातू, गंजभत्ता (गंजून झिजण्यासाठी ठेवलेली जादा जाडी) किंवा विशेष वापर सांगतात. रेटिंगचा आकडा म्हणजे दाब नव्हे, ही गोष्ट नवशिक्याने आधी पक्की करावी. अमेरिकन यांत्रिकी अभियंत्यांच्या संस्थेच्या (एएसएमई) बी१६.५ या मानकानुसार ए१०५ या कार्बन पोलादाचा ३०० क्लासचा फ्लँज ३८ अंश सेल्सिअसला ५१.१ बार दाब सोसतो, तर २०० अंशांना ४३.८ बारच, १५० क्लासच्या बाबतीत हेच आकडे १९.६ आणि १३.८ आहेत.

मानके रेटिंग, परिमाणे व धातूंची प्रतवारी ठरवतात. अक्षरांची जुळणी मात्र प्रत्येक कंपनी आपल्या सोयीने करते. म्हणून एका कंपनीचा ‘ए१’ दुसरीकडे स्टेनलेस पोलादाचा असू शकतो. मुंबईतील माहुल येथे १९५४ आणि १९५५ साली सुरू झालेले दोन तेलशुद्धीकरण कारखाने शेजारी असले, तरी ते वेगवेगळ्या कंपन्यांनी उभारले. अशा शेजारी कारखान्यांतही एकाच्या अनुभवावरून दुसऱ्याचा संकेत वाचणे धोक्याचे ठरते. संकेत ही केवळ किल्ली आहे, अर्थ त्या प्रकल्पाच्या तपशीलपत्रात असतो आणि पत्राची चालू आवृत्ती पाहिल्याशिवाय माल मागवू नये. दिसायला सारखे असलेले दोन क्लास हायड्रोजन सल्फाइडसाठीच्या कठिणपणाच्या मर्यादेत किंवा १.५ ऐवजी ३ मिलिमीटर गंजभत्त्यात वेगळे निघतात, आणि हा फरक बसवलेल्या पाइपकडे पाहून कळत नाही.

भारतात वाफेसाठी बहुधा वेगळा क्लास ठेवतात, कारण ठरावीक मर्यादेपलीकडच्या वाफेच्या पाइपांना १९५० चे भारतीय बॉयलर विनियम लागू होतात व त्यांच्या मालाला त्या विनियमांनुसारची प्रमाणपत्रे लागतात. दोन क्लास जिथे मिळतात त्या ठिकाणाला ‘स्पेक ब्रेक’ म्हणतात. तेथील व्हॉल्व्ह साधारणपणे वरच्या क्लासचा घेतला जातो, म्हणजे तो बंद असताना जास्त दाबाची बाजू दुबळ्या भागावर टेकत नाही.