गोव्याच्या समुद्रतळाखालचा ‘उथळ वायू’: पार्श्वभूमी

खाजनातल्या, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या सखल शेतातल्या, मानशीपाशी (पाणी आत-बाहेर सोडणाऱ्या दारापाशी) ओहोटीच्या वेळी चिखलात काठी खुपसली की बुडबुडे येतात. १७७६ मध्ये इटलीतल्या एका सरोवराच्या गाळातला असाच वायू गोळा करून पेटवून पाहिला गेला. तो मिथेन. गोव्यातल्या मांडवी-झुआरी नद्यांच्या मुखाबाहेर समुद्रतळाखाली आहे तो ‘उथळ वायू’ याच कुळातला.

सुमारे २०,००० वर्षांपूर्वी समुद्र आजच्यापेक्षा साधारण १२० मीटर खाली होता आणि या नद्या आता बुडालेल्या उतारावर पात्रे कोरत पुढे जात होत्या. पाणी चढत गेले तशी ती पात्रे गाळाने, कुजक्या पाल्यापाचोळ्याने भरली आणि वर चिकणमाती बसली. अशा चिखलात प्राणवायू पहिल्या काही मिलिमीटरांतच संपतो. मग सल्फेटवर, म्हणजे समुद्राच्या पाण्यात विरघळलेल्या एका क्षारावर, जगणाऱ्या जिवाणूंची पाळी येते आणि सल्फेटही संपले की त्याखाली मिथेन तयार करणारे सूक्ष्मजीव कामाला लागतात. वर सरकणारा बराचसा मिथेन सल्फेटच्या सीमेवरच फस्त होतो. जो उरतो तो गाळातल्या पाण्यात मावेनासा झाला की बुडबुडे धरतो आणि चिकणमाती त्यांना सहजी वाट देत नाही. बॉम्बे हायचा वायू खोल, तापलेल्या खडकांतून आला. याचा त्याच्याशी संबंध नाही.

घोळ आहे तो ‘उथळ’ या शब्दाचा. उथळ म्हणजे पाणी उथळ नव्हे, तळाखालची खोली कमी. हजार मीटर पाण्याखालीही उथळ वायू असू शकतो. त्यात भर पडली गॅस हायड्रेटची, म्हणजे मिथेन कोंडलेल्या बर्फासारख्या स्फटिकांची. पश्चिम किनाऱ्यापलीकडच्या खोल समुद्रात भूकंपीय नोंदींवर (तळाखाली लहरी पाठवून त्यांच्या प्रतिध्वनींवरून घेतलेल्या नोंदींवर) तळाला समांतर जाणारी परावर्तनाची रेषा दिसली आणि ती हायड्रेटचे लक्षण मानली गेली. २००६ च्या राष्ट्रीय मोहिमेत केरळ-कोकण खोऱ्यात अडीच हजार मीटरांहून खोल पाण्यात छिद्र घेतले. हायड्रेट सापडले नाही. ते मिळाले पूर्वेला, कृष्णा-गोदावरी खोऱ्यात. पश्चिमेचे छिद्र वाया गेले असे म्हणणे मला अन्यायाचे वाटते, कारण त्या रेषेचा खरा अर्थ फक्त नोंदी वाचून लागला नसता. पण तो सारा खोल पाण्यातला मामला. किनाऱ्यालगतच्या पन्नास मीटर कोमट पाण्यात हायड्रेट टिकूच शकत नाही, तरी बोलण्यात दोन्ही ‘गोव्याचा वायू’ म्हणून एकाच पोत्यात जातात.

उथळ पाण्यातली ओळख ध्वनिलहरींनी होते. गाळात शेकडा एकाहून कमी वायू असला तरी लहरी विखुरतात आणि नोंदीवर धूसर पडदा येतो. वायूने चिखलाची ताकद घटते, म्हणून धक्क्याचे खांब रोवणाऱ्यांना हा पडदा आधी बघावा लागतो. जुन्या नद्यांचा माग काढणाऱ्यांना मात्र तो नको असतो: वायू साठला असेल तिथे पात्राचा तळ नोंदीत उमटतच नाही.