छातीतलं पाणी नेमकं कुठे असतं? फुफ्फुसाच्या दोन थरांची पार्श्वभूमी

वर्धा, यवतमाळ, अमरावतीकडच्या खेड्यांत ‘छातीत पाणी झालं’ म्हटलं की वेगळं काही समजावून सांगावं लागत नाही. त्यापुढचा समज मात्र बहुतेकदा चुकीचा असतो: पाणी फुफ्फुसात भरलंय आणि डॉक्टर आता फुफ्फुसात सुई खुपसणार. या भीतीनं लोक सुई टाळतात, दुखणं अंगावर काढतात.

ते पाणी फुफ्फुसाच्या बाहेर असतं. फुफ्फुसावर एक तलम पापुद्रा घट्ट बसलेला असतो. श्वासनलिकेची शाखा आणि रक्तवाहिन्या जिथून आत शिरतात तिथे तो वळतो आणि बरगड्यांच्या आतल्या बाजूला, खाली श्वासपटलाला अस्तरासारखा लागत जातो. म्हणजे आवरण एकच, थर दोन. आणि उजव्या-डाव्या फुफ्फुसांची आवरणं वेगवेगळी. निरोगी माणसात या थरांमध्ये मोकळी जागा अशी नसतेच. दोन्ही बाजूंचं मिळून जेमतेम 15-20 मिली पाणी असतं. पावसात भिजलेल्या पन्नीचे दोन पदर एकमेकांवर सरकतात, पण ओढून सुटत नाहीत, तसंच इथे घडतं. फुफ्फुसाला स्वतःहून फुगता येत नाही. छाती फुगते आणि ते तिच्यामागे ओढलं जातं.

अशी नसलेली जागा माणसाला कळली ती ती भरल्यावरच, म्हणजे आजारातून.

आपल्याकडे सुश्रुतसंहितेत फुप्फुस येतं. ते रक्ताच्या फेसापासून बनतं असं तिथे म्हटलं आहे. हाताला हलकं, स्पंजासारखं लागणारं फुफ्फुस ज्यानं पाहिलंय त्याला ही कल्पना कुठून आली असेल ते लगेच कळेल. शरीररचना शिकण्यासाठी प्रेत गवतात गुंडाळून, पिंजऱ्यात घालून, सात रात्री नदीच्या संथ पाण्यात ठेवायचं आणि मग कुंचल्यानं हळूहळू खरवडत पाहायचं, अशी त्या ग्रंथातली पद्धत. सात रात्रींनंतर हा पापुद्रा शाबूत राहत असेल असं मला वाटत नाही.

ग्रीक वैद्य दुसऱ्या टोकाकडून आले. हिपोक्रेटिसच्या नावावरच्या ग्रंथांत छातीत पू झालेल्या रोग्याचे खांदे धरून त्याला हलवायला आणि बरगड्यांना कान लावून आतली खळखळ ऐकायला सांगितलं आहे. कोरड्या आवरणांच्या घर्षणाचा, चामड्यासारखा करकरणारा आवाजही त्यांनी टिपला होता. चिरा कुठे द्यायचा? ओल्या मातीत भिजवलेलं पातळ कापड छातीला गुंडाळायचं. ते जिथे आधी वाळेल तिथे. आणि सगळा पू किंवा पाणी एकदम वाहू दिलं तर रोगी दगावतो, हा इशाराही दिलेला. त्यामागचं कारण त्यांना ठाऊक नसेल, पण निरीक्षण पक्कं होतं. दबलेलं फुफ्फुस झटक्यात उघडलं तर त्याच्याच आत पाणी झिरपू शकतं. म्हणून आजही एका वेळी साधारण दीड लिटरच्या वर काढत नाहीत. ‘पूर्ण पाणी काहून नाही काढलं?’ या नातेवाइकांच्या प्रश्नाचं उत्तर हे आहे.

छातीला भोक पडलं की फुफ्फुस आकसतं आणि श्वासनलिकेत बोरू घालून फुंकलं की पुन्हा फुगतं, हे शरीररचनेचा अभ्यासक व्हेसॅलियसनं 1543 च्या ग्रंथात प्राण्यावरच्या प्रयोगातून मांडलं. माल्पिगीनं 1661 मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली बेडकाच्या फुफ्फुसातल्या केशवाहिन्या दाखवल्या. पण जिवंत माणसाच्या छातीत पाणी कुठपर्यंत आलंय, हे न कापता कळायला 1761 उजाडलं. व्हिएन्नाच्या डॉक्टर आवेनब्रुगरनं छातीवर बोटांनी ठोकून पाहायची रीत त्या वर्षी प्रसिद्ध केली. तो खानावळवाल्याचा मुलगा; बापाला पिंपं ठोकून दारू किती उरली ते पाहताना त्यानं बघितलं होतं असं सांगतात. हवा असेल तिथे पोकळ आवाज, पाणी असेल तिथे ठस्स. पॅरिसमध्ये डॉक्टर लेनेकनं 1816 मध्ये कागदाची सुरळी करून स्टेथोस्कोपची सुरुवात केली आणि पुढे पाण्याच्या वरच्या कडेशी रोग्याचा आवाज शेळीच्या बेंबाटण्यासारखा ऐकू येतो हे नोंदवलं. ही खूण आजही शिकवतात. लेनेक स्वतः 1826 मध्ये क्षयानं गेला.

पुढे 1936 मध्ये वर्ध्याजवळ सेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला, राहायला आलेल्या गांधीजींनाही हे दुखणं झालं होतं. 1914 मध्ये लंडनमध्ये त्यांना प्लुरसी, म्हणजे याच आवरणाची सूज, झाली, डॉ. जीवराज मेहतांनी बरगड्यांना पट्टे चिकटवले आणि तशाच अवस्थेत ते भारताच्या बोटीवर चढले. पट्ट्यांमागचा हिशोब सरळ होता: बरगड्या कमी हलल्या की थर कमी घासतात. दुखतो तो बाहेरचा, बरगड्यांकडचा थर. फुफ्फुसाला चिकटलेल्या थराला अशी वेदनेची जाणीव नसते.

गावात नेमकं इथेच फसायला होतं. खोल श्वास घेतला की बरगडीत चमक येते. उसण भरली म्हणून तेल चोळतात, शेकतात. आठवड्याभरात दुखणं ओसरतं. ते ओसरतं, कारण मध्ये पाणी साचून दोन्ही थर एकमेकांपासून दूर झालेले असतात. मग दम लागायला लागतो. (जिनिंगमधल्या कापसाच्या धुळीनं लागणारा दम वेगळा, तो श्वासनलिकांचा.)

आपल्याकडे तरुण माणसाच्या छातीत एका बाजूला पाणी झालं की पहिला संशय क्षयाचा. पाणी साचायची जागा आवरणाच्या रचनेनंच ठरते. पाठीमागे फुफ्फुस साधारण दहाव्या बरगडीपर्यंत येतं आणि आवरण बाराव्यापर्यंत. बसलेल्या माणसात त्या खालच्या खाचेत पाणी आधी उतरतं. म्हणून रोग्याला पुढे वाकवून बसवतात आणि सुई पाठीतून घालतात, तीही बरगडीच्या वरच्या काठावरून, कारण खालच्या काठाच्या खोबणीत रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू असतात.

सुई काही फक्त दम उतरवायला नसते. पाणी तपासलं की क्षय, न्यूमोनियातला पू की कर्करोग हे उलगडायला मदत होते. क्षयाच्या पाण्यात जंतू थोडेच असल्यानं ते सहसा सापडत नाहीत, हा त्यातला अडथळा. औषध मात्र घरी राहून घेता येतं. क्षयरोग्याला सॅनेटोरियमात न ठेवता घरीच बरं करता येतं, हे मद्रासच्या 1959 च्या अभ्यासानं दाखवल्यावर खेड्यातल्या उपचाराचा मार्ग मोकळा झाला.

सहा महिन्यांच्या गोळ्या संपल्यावरही काहींचे थर एकमेकांना चिकटून जाड राहतात आणि एक्स-रेत त्या खालच्या खाचेचा कोपरा बोथट दिसतो. पुढे नोकरीच्या तपासणीत किंवा साध्या खोकल्यात नवा डॉक्टर तो पाहून पुन्हा टीबीचा संशय घेऊ शकतो. उपचार संपताना काढलेली फिल्म आणि कार्ड जवळ असेल, तर जुनं आणि नवं शेजारी धरून पाहता येतं.