पाळीव सापाच्या पिल्लाचे भक्ष्य : आकाराची निवड

साप भक्ष्य चावून खात नाही, त्याचे तुकडेही करत नाही, अखंड गिळतो. त्यामुळे पाळीव सापाच्या पिल्लाच्या बाबतीत काय द्यावे यापेक्षा केवढे द्यावे, हा प्रश्न जास्त नाजूक असतो. अमेरिका व युरोपात कॉर्न स्नेक आणि बॉल पायथन हे साप मोठ्या प्रमाणावर पाळले जातात. त्यांची पिल्ले बहुधा गोठवलेल्या उंदरांवर वाढवतात.

डोके पाहून अंदाज बांधला तर तो हमखास चुकतो. कॉर्न स्नेकच्या पिल्लाचे डोके करंगळीच्या नखाएवढे असते, पण त्याहून रुंद असे उंदराचे पिल्लू ते सहज गिळते. साप गिळताना जबडा निखळतो, ही समजूत मात्र खरी नाही. खालच्या जबड्याची दोन्ही हाडे हनुवटीपाशी सांधलेली नसून लवचीक स्नायुबंधाने जोडलेली असतात, आणि जबडा कवटीला जोडणारी हाडेही हलती असतात. एकदा डावी बाजू, एकदा उजवी, असे करत साप भक्ष्यावरून जणू पुढे चालत जातो. खवल्यांमधली कातडी ताणली जाऊन पांढुरकी दिसते. म्हणजे तोंडात मावणे ही अडचण नाहीच; खरी मर्यादा पोटाची.

म्हणून माप घ्यायचे ते अंगाच्या सर्वांत जाड भागाचे. भक्ष्याची रुंदी त्या जाडीइतकी, फार तर सव्वापट असावी. दीडपट चालते असेही पाळणारे सांगतात, पण नुकत्या जन्मलेल्या पिल्लावर हा प्रयोग करू नये. दुसरे माप वजनाचे : पिल्लाच्या वजनाच्या साधारण १० ते १५ टक्के. इथे स्वयंपाकघरातला काटा कुचकामी ठरतो. ग्रॅमचे अंश दाखवणारा, सोनाराकडे असतो तसा काटा लागतो.

उंदरांची पिल्ले वयानुसार वेगवेगळ्या नावांनी विकली जातात. केस न आलेले गुलाबी पिल्लू म्हणजे पिंकी, १ ते ३ ग्रॅमचे. लव आलेले ते फझी. डोळे उघडून उड्या मारू लागलेले ते हॉपर, साधारण ७ ते १२ ग्रॅमचे. कॉर्न स्नेकचे पिल्लू १० ग्रॅमच्या आत-बाहेर असते, त्याला सर्वांत लहान पिंकी पुरते. बॉल पायथनचे पिल्लू जन्मतःच ५०-६० ग्रॅम किंवा अधिक भरते. त्याला पिंकी म्हणजे दाताखालचा दाणा. त्याची सुरुवात हॉपरने किंवा घुशीएवढ्या वाढणाऱ्या मोठ्या उंदराच्या नवजात पिल्लाने होते. ‘सापाच्या पिल्लाला पिंकी द्या’ हा सरसकट सल्ला त्यामुळे अर्धवट आहे.

पहिला घास पहिली कात टाकल्यावर, म्हणजे जन्मानंतर आठवडा-दीड आठवड्याने देतात. तोवर पोटातला उरलेला बलक पुरतो. पुढे दर ५ ते ७ दिवसांनी एक भक्ष्य. गिळल्यावर पोटावर हलकासा फुगवटा दिसावा आणि एक-दोन दिवसांत तो ओसरावा. गिळल्यावरही फुगवटा दिसेनासाच झाला की पुढच्या मापाकडे जावे. पिंकीची हाडे कोवळी, कॅल्शियम कमी. त्यामुळे वाढत्या सापाला पिंकीवरच अडकवून ठेवणेही बरे नव्हे.

माप चुकून मोठे झाले तर पिल्लू भक्ष्य ओकून टाकते. पिंजऱ्यात ऊब कमी असली किंवा खाल्ल्याखाल्ल्या हाताळले तरी हेच होते. महाराष्ट्रातल्या सर्पमित्रांना हे दृश्य नवे नाही : नुकतीच जेवलेली धामण पकडली की गिळलेले टाकून पळू पाहते. (भारतीय साप पाळणे मात्र वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार गुन्हा आहे.) ओकल्यानंतर लगेच दुसरे भक्ष्य देणे ही सर्वांत घातक चूक. अन्ननलिका आम्लाने पोळलेली असते. १० ते १४ दिवस थांबून, आधीच्या निम्म्या आकाराचे भक्ष्य द्यावे.

पिल्लाने तोंडच लावले नाही, तर दोष दर वेळी आकाराचा नसतो. रानात कॉर्न स्नेकची पिल्ले लहान सरडे व झाडावरचे बेडूक खातात, उंदराचा वास त्यांना अनोळखी असतो. अशा पिल्लासाठी पिंकी कोमट पाण्यात गरम करून, तिच्या अंगाला सरड्याचा वास लावून देतात. आणखी लहान पिंकी शोधत बसून उपयोग होत नाही.