जुनी गाडी घेतली आणि बसली, मग ग्राहक आयोगातली तक्रार कुठे अडते?

कापसाचे नाहीतर केळीचे पैसे हातात आले की आपल्याकडे सेकंड हँड गाड्यांचे सौदे जोरात होतात, आणि मग दोन महिन्यांत कन्नड घाटात इंजिन गरम होऊन गाडी बसते आणि डीलर फोन उचलत नाही. तक्रार करता येते की भो, जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्हीकडे जिल्हा ग्राहक आयोग आहे. पण लोकांची केस गाडीतल्या दोषावर पडत नाही, कागदावर पडते.

आधी बघा गाडी विकली कोणी. गाड्यांचा धंदा करणाऱ्याने विकली तर तुम्ही ग्राहक. गावातल्या कोणी घरची गाडी विकली असेल तर आयोगात ते सहसा टिकत नाही, ते दिवाणी कोर्टाचं काम, फसवलं असेल तर पोलिसांचं. डीलर लोक बरोबर इथेच खेळतात, "आरसीवर नाव मूळ मालकाचं, मी नुसता मधला माणूस". म्हणून बिल लागतं, आणि तेच कोणाकडे नसतं! साध्या कागदावर आकडा आणि सही, बाकी रोख. बिल न देणं हीच २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे, पण व्यवहार झाला हे तुम्हालाच दाखवावं लागतं, त्यामुळे निदान टोकन तरी ऑनलाइन द्या, जाहिरातीचा स्क्रीनशॉट आणि व्हॉट्सॲपवरचं बोलणं डिलीट करू नका. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओचं अधिकारपत्र लागतं, सौद्याआधीच मागा, तोंड वाकडं केलं तर काय ते समजून जा.

दुसरी अडचण म्हणजे घाई. गाडी बंद पडली की माणूस ओळखीच्या मिस्त्रीकडे ओढून नेतो, इंजिन खोलतो, जुने पार्ट भंगारात जातात, आणि मग आयोगासमोर दोष दाखवायला उरतं काय? खोलायच्या आधी कंपनीच्या वर्कशॉपमधून जॉबकार्डावर बिघाड आणि त्याचं कारण लेखी घ्या, मीटरच्या आकड्याचे फोटो काढा. मीटर मागे केल्याचा संशय असेल तर आधीच्या सर्व्हिसिंगच्या नोंदी मागा, प्रत्येक वेळचे किलोमीटर त्यात असतात. एक खरं सांगतो, दहा वर्षं जुन्या गाडीची क्लचप्लेट गेली तर तो दोष नाही, झीज आहे, त्यावर केस करू नका. पण अपघाताची किंवा पुरात बुडालेली गाडी लपवून विकली असेल तर "जशी आहे तशी" असं लिहून घेतलं म्हणून डीलर सुटत नाही.

मुदत दोन वर्षं. वॉरंटी संपली म्हणजे हक्क संपला असं नाही, आणि डीलर "पुढच्या सोमवारी बघू" म्हणत राहिला म्हणून मुदत वाढतही नाही. कायद्यात मुदत तक्रारीचं कारण घडल्यापासून धरतात, ते नेमकं कधी घडलं यावर वाद होतो, म्हणून गाडी घेतल्या तारखेपासूनच मोजा.

सुरतहून किंवा इंदूरहून गाडी आणलेले लोक विचारतात की तिकडे जावं लागेल का. नाही, तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, नवापूरवाल्याने नंदुरबारलाच करावी. कोणत्या आयोगात जायचं आणि फी किती हे गाडीला दिलेल्या किमतीवर ठरतं, मागितलेल्या भरपाईवर नाही. ५० लाखांपर्यंत जिल्हा आयोग, ५ लाखांपर्यंतच्या गाडीला फी शून्य, ५ ते १० लाखांना २०० रुपये. म्हणून उगाच भरपाईचा आकडा फुगवू नका.

पिवळ्या पाटीची गाडी असेल आणि पोटापाण्यासाठी स्वतः चालवत असाल तर तसं तक्रारीत स्पष्ट लिहा, नाहीतर व्यापारी वापर म्हणून बाहेर काढतात.

बाकी सोपं. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून बघा, डीलरला लेखी नोटीस द्या, मग घटनाक्रम, प्रतिज्ञापत्र आणि कागद जोडून ई-जागृती या ऑनलाइन तक्रारीच्या सरकारी पोर्टलवर नाहीतर आयोगात जाऊन तक्रार दाखल करा. वकील सक्तीचा नाही. कायदा म्हणतो तीन महिन्यांत निकाल, तपासणी लागली तर पाच, पण तारखा पडत राहतात आणि लोक वैतागून मधेच गाडी विकून टाकतात. विकू नका, विकली की समोरचा वकील पहिला मुद्दा तोच काढतो की आता हा ग्राहकच राहिला नाही.