मनसरचा काळा दगड आणि जगाचा बाजार

नागपूरहून जबलपूरच्या महामार्गाला लागून कामठी, कन्हान मागे टाकले की रामटेकच्या फाट्याशी मनसर येते. गडमंदिराला जाणारे भाविक इथून वळतात आणि पुढे जातात. पण याच गावाच्या टेकड्यांत सव्वाशे वर्षांपासून मँगनीजची खदान आहे. तिथला दगड एकदा हातात घेऊन पाहावा. आपल्या ओळखीच्या काळ्या पाषाणाच्या तेवढ्याच तुकड्यापेक्षा तो स्पष्टपणे जड लागतो, ताज्या फुटलेल्या कडेवर पोलादी करडी झाक दिसते, आणि मऊ जातीचा असेल तर खाली ठेवल्यावरही बोटांवर काजळीसारखा डाग राहतो. या दगडाचा भाव मात्र मनसरमध्ये कधीच ठरला नाही. कधी तो कॉकेशसच्या एका खोऱ्यात ठरला, कधी वॉशिंग्टनच्या कायदेमंडळात, आणि अलीकडे तो बऱ्याच अंशी चीनमधील कारखान्यांच्या मागणीवर ठरतो.

लिथियम, कोबाल्ट, ग्राफाइट आणि दुर्मिळ मृदा खनिजे यांवरून देशादेशांत चाललेल्या ओढाताणीला आपण नव्या युगाची लढाई म्हणतो. वापर नवे आहेत हे खरे, पण ओढाताणीची रीत जुनी आहे, आणि ती समजून घ्यायला विदर्भाइतकी चांगली जागा देशात क्वचितच सापडेल.

मँगनीजला महत्त्व आले ते पोलादामुळे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर बेसेमरची भट्टी आली, तिने वितळलेल्या लोखंडातून हवा फुंकून कार्बन जाळण्याचे काम सोपे केले, पण धातूत उरलेल्या प्राणवायूमुळे आणि गंधकामुळे ते पोलाद तापवून ठोकताना चिरत असे. रॉबर्ट मशेट यांनी १८५६ मध्ये त्यात मँगनीजयुक्त लोखंड मिसळून हा दोष काढला. मँगनीज प्राणवायू शोषून घेते, गंधकाला आपल्याशी बांधून ठेवते, आणि पोलादाला चिवटपणाही देते. टनभर पोलादामागे साधारण सहा ते दहा किलो मँगनीज पुरते, म्हणजे प्रमाण मिठाएवढे. पण मिठाशिवाय जसा स्वयंपाक अडतो, तसे त्याच्याशिवाय रूळ, तोफा आणि जहाजे अडतात. त्या कामासाठी परवडणारा दुसरा पदार्थ आजवर सापडलेला नाही. म्हणूनच ज्या देशांकडे पोलादाच्या भट्ट्या होत्या पण स्वतःचे चांगले मँगनीज नव्हते, त्या ब्रिटन, जर्मनी आणि अमेरिका या तिन्ही देशांना ते दुरून आणावे लागले.

त्यांचा सर्वांत मोठा पुरवठादार होता रशियन साम्राज्याच्या कॉकेशस भागातील जॉर्जिया. तिथल्या चियातुराच्या खाणींतला माल काळ्या समुद्रावरील पोती बंदरातून बाहेर पडे. मध्य प्रांतात, म्हणजे नागपूर-जबलपूरच्या तेव्हाच्या ब्रिटिश प्रांतात, त्या वेळी नुकती कुठे सुरुवात होत होती. १८९६ मध्ये सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट स्थापन झाली, पुढे तिचीच सेंट्रल प्रॉव्हिन्सेस मँगनीज ओर कंपनी झाली, आणि शतक संपता संपता रामटेक परिसरात उत्खनन सुरू झाले. मग १९०४ मध्ये रशिया आणि जपान यांचे युद्ध पेटले, त्यापाठोपाठ १९०५ ची क्रांती आली, कॉकेशसमधील खाणी, रेल्वे आणि बंदरे संपांनी ठप्प झाली, आणि युरोपातील पोलाद कारखान्यांनी भारताकडे मोर्चा वळवला. भाव असे चढले की इतक्या आतल्या भागातून बंदरापर्यंतचे रेल्वेभाडे भरूनही नफा उरू लागला. १९०७ साली भारताचे उत्पादन नऊ लाख टनांवर गेले आणि आपला देश जगातील अग्रगण्य उत्पादक ठरला. नागपूर, भंडारा, बालाघाट आणि छिंदवाडा या पट्ट्यातील टेकड्यांवर शेकडो मजूर, त्यांत मोठ्या संख्येने स्त्रिया, हातोडीने दगड फोडून, त्याचा रंग नजरेने आणि वजन हाताने पारखून चांगला माल वेगळा काढत होत्या. दुसऱ्याच वर्षी बाजार कोसळला, आणि त्याचे कारणही या टेकड्यांपाशी नव्हते.

याच तेजीच्या काळात भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाचे लुईस ली फर्मर हा सारा पट्टा पायाखाली घालत होते. भारतातील मँगनीजवरचे त्यांचे विस्तृत लेखन १९०९ मध्ये प्रसिद्ध झाले आणि पुढची कित्येक दशके तोच अभ्यासाचा आधार राहिला. गारगोटी आणि मँगनीजयुक्त गार्नेट यांपासून बनलेल्या इथल्या खडकाला त्यांनी या जंगलांत राहणाऱ्या गोंड समाजावरून ‘गोंडाइट’ असे नाव दिले. आज घाना आणि ब्राझील इथल्या खडकांचे वर्णन करतानाही भूशास्त्रज्ञ हा शब्द वापरतात. गोंडांचे नाव असे जगभर गेले याचा आनंद मला आहेच, पण त्या खडकापासून झालेल्या संपत्तीत त्यांचा वाटा मजुरीपलीकडे क्वचितच गेला, हेही त्याच इतिहासात लिहिले गेले पाहिजे.

तेजी गेली तरी वाहतुकीचा प्रश्न उरला, आणि माझ्या मते या सगळ्या कथेतला सर्वांत बोलका भाग तोच आहे. मुंबई आणि कलकत्ता ही दोन्ही बंदरे मध्य प्रांतापासून लांब होती, आणि मँगनीज हा वजनाने भारी पण किमतीने हलका माल असल्यामुळे भाडेच त्याला खाऊन टाकत असे. म्हणून बंगाल नागपूर रेल्वेने पूर्व किनाऱ्यावर जवळचे बंदर उभारण्याचे काम अंगावर घेतले. रायपूर ते विजयनगरम हा मार्ग पूर्व घाटातून काढला गेला, विशाखापट्टणमची खाडी खोल करून आतले बंदर बांधले गेले, आणि ७ ऑक्टोबर १९३३ रोजी ‘जलदुर्गा’ हे पहिले जहाज तिथे लागले. आज नौदलाच्या पूर्व विभागाचे मुख्यालय म्हणून ओळखले जाणारे ते बंदर मूळात बांधले गेले त्यामागे मध्य प्रांताचे मँगनीज बाहेर काढणे हा प्रमुख हेतू होता, हे आमच्या इकडे फारसे कोणाला माहीत नसते. बंदर तयार झाले तेव्हा जग महामंदीत होते आणि अनेक खदानी बंद पडल्या होत्या, पण वाट तयार होती आणि पुढच्या काळात ती कामी आली.

दुसऱ्या महायुद्धात युक्रेनमधील निकोपोलच्या मँगनीजसाठी हिटलरने आपल्या सेनापतींचा सल्ला डावलून तो टापू धरून ठेवला. फेब्रुवारी १९४४ मध्ये तो हातातून गेला. युद्धानंतर शीतयुद्ध सुरू झाले आणि सोव्हिएत संघाने १९४८-४९ मध्ये अमेरिकेला जाणारा मँगनीजचा ओघ आवळला. अमेरिकेच्या पोलाद कारखान्यांना पुन्हा भारत आठवला. १९५१ मध्ये भारतात धान्याची टंचाई असताना अमेरिकेने गव्हासाठी १९ कोटी डॉलरचे कर्ज दिले. त्या कायद्यावरील चर्चेत भारताने मोबदल्यात मँगनीज आणि मोनाझाइट यांसारखी सामरिक द्रव्ये द्यावीत असा आग्रह वारंवार धरला गेला. मोनाझाइटमध्ये अणुऊर्जेसाठी उपयोगी थोरियम असते, आणि त्याच्या निर्यातीवरचे निर्बंध सैल करायला नेहरूंचे सरकार तयार नव्हते. उपाशी देशानेही काय विकायचे आणि काय राखायचे हे स्वतः ठरवले, ही गोष्ट मला आजच्या चर्चेतही मार्गदर्शक वाटते.

मँगनीज मात्र आपण कच्च्या रूपातच विकत राहिलो, आणि त्याची मर्यादा लवकरच दिसली. अमेरिकी कंपन्यांनी आपल्या भांडवलावर नवे स्रोत उघडले. ब्राझीलच्या अमापा प्रांतातून १९५७ पासून माल निघू लागला, आफ्रिकेतील गॅबॉनच्या मोआंडा खाणीतून १९६२ पासून. मोआंडाचा माल आधी ७६ किलोमीटर लांबीच्या रज्जुमार्गाने जंगलावरून काँगोच्या हद्दीत आणि तिथून रेल्वेने समुद्राकडे जाई. एवढा खर्च परवडत होता याचा अर्थ उघड होता. ग्राहकाने एकदा पर्यायी वाट बांधली की जुन्या विक्रेत्याची पत घसरते.

१९६२ मध्येच सेंट्रल प्रॉव्हिन्सेस मँगनीज ओर या जुन्या ब्रिटिश कंपनीशी करार होऊन मँगनीज ओर इंडिया लिमिटेड स्थापन झाली. ५१ टक्के भाग केंद्र सरकार, महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांच्याकडे सारखे वाटले गेले, ४९ टक्के जुन्या कंपनीकडे राहिले. तेही १९७७ मध्ये केंद्राने घेतले. काटोल रोडवरची आजची मॉयल ती हीच. बालाघाटची भरवेली खदान, भंडाऱ्यातील चिखला आणि डोंगरी बुजुर्ग, नागपूर जिल्ह्यातील गुमगाव, कांद्री आणि मनसर अशा खदानींतून तिने २०२४-२५ मध्ये सुमारे १८ लाख टन मँगनीज काढले, जे तोवरच्या तिच्या इतिहासातील सर्वाधिक होते.

खदानीनंतरचा टप्पा भट्टीचा, आणि इथे खनिजाची गोष्ट ऊर्जेच्या गोष्टीला मिळते. खनिजापासून फेरो मँगनीज किंवा सिलिको मँगनीज हे पोलादात मिसळायचे मिश्रधातू विजेच्या भट्टीत काढले जातात, आणि सिलिको मँगनीजच्या एका टनाला साधारण चार हजार युनिट वीज लागते. म्हणजे दगड आपला असला तरी वीज महाग असेल तर मिश्रधातू दुसरीकडेच बनतो. विदर्भात दगडाशेजारी कोळसाही आहे. १९७३ च्या तेलसंकटाच्या सुमारास कोळशाचे राष्ट्रीयीकरण झाले, १९७४ मध्ये कोराडी औष्णिक वीजकेंद्राचा पहिला संच सुरू झाला, १९७५ मध्ये वेकोलि या सरकारी कोळसा कंपनीची (वेस्टर्न कोलफील्ड्स) स्थापना होऊन तिचे मुख्यालय नागपुरात आले, आणि चंद्रपूरला आज सेल या सरकारी पोलाद कंपनीकडे असलेला फेरो अलॉय कारखानाही त्याच दशकातला. तरीही या पट्ट्यात बंद पडलेल्या भट्ट्यांची संख्या थोडी नाही. कोराडीचा धूर आणि राख आम्ही सोसायची आणि वीजदरामुळे भट्टी मात्र दुसऱ्या राज्यात पेटायची, ही तक्रार इथले उद्योजक अनेक वर्षे करीत आले आहेत, आणि ती मला रास्त वाटते.

चीनने नेमकी हीच मधली पायरी ओळखली. त्याच्याकडे उत्तम प्रतीचे मँगनीज फारसे नाही. तो दक्षिण आफ्रिका, गॅबॉन आणि ऑस्ट्रेलियातून दगड आणतो, पण विजेरीसाठी, म्हणजे बॅटरीसाठी, लागणाऱ्या शुद्ध मँगनीज सल्फेटचे जगातील नव्वद टक्क्यांहून अधिक उत्पादन त्याच्या कारखान्यांत होते. इतर खनिजांतही त्याने हाच मार्ग धरला, आणि मग दाराला कुलूप लावायला सुरुवात केली. २०२३ मध्ये गॅलियम, जर्मेनियम आणि ग्राफाइट, २०२४ मध्ये अँटिमनी, फेब्रुवारी २०२५ मध्ये टंगस्टनसह पाच धातू, एप्रिल २०२५ मध्ये सात दुर्मिळ मृदा मूलद्रव्ये यांच्या निर्यातीवर परवान्याचे बंधन आले. टंगस्टनचे नाव वाचताना नागपूरकराला कुही तालुका आठवला पाहिजे. तिथल्या खोबना आणि आगरगाव परिसरात टंगस्टनचे साठे भूवैज्ञानिकांनी फार पूर्वीच नोंदवले आहेत, आणि तरीही देशात आज त्याचे खाण उत्पादन नसल्यातच जमा आहे.

भारताने २०२३ मध्ये ३० अत्यावश्यक खनिजांची यादी जाहीर केली आणि जानेवारी २०२५ मध्ये त्यांसाठीच्या राष्ट्रीय अभियानाला मंजुरी दिली. मँगनीज अमेरिकेच्या यादीत आहे, विजेरीच्या प्रतीचे मँगनीज युरोपीय संघाच्याही यादीत आहे. आपल्या तीसांत ते नाही. घरचे साठे पाहता हा निर्णय समजण्यासारखा आहे, पण मला तो पुरेसा दूरदर्शी वाटत नाही, कारण पोलाद उत्पादन वाढल्यापासून देश जितके मँगनीज खणतो त्याहून अधिक आयात करतो. परदेशातील खनिजे मिळवण्यासाठी २०१९ मध्ये स्थापन झालेल्या काबिल या सरकारी कंपनीत नागपूरच्या सेमिनरी हिल्सवरील एमईसीएल या खनिज-शोध संस्थेचा ३० टक्के भाग आहे, आणि काबिलने जानेवारी २०२४ मध्ये अर्जेंटिनातील कातामार्का प्रांतात लिथियमच्या पाच क्षेत्रांसाठी करार केला. कोळशाचा शोध घेण्यासाठी भूगर्भात नळ्या उतरवण्यात आयुष्य घालवलेल्या संस्थेसाठी हा मोठा पल्ला आहे.

मार्च २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या ग्रूट आयलंडवर मेगन चक्रीवादळ आदळले, माल चढवण्याचा धक्का मोडला आणि काही आठवड्यांत जगभर मँगनीजचे भाव उसळले. त्यानंतर मे २०२५ मध्ये गॅबॉनने जाहीर केले की १ जानेवारी २०२९ पासून कच्चे मँगनीज देशाबाहेर जाऊ दिले जाणार नाही. ज्या मोआंडाने साठच्या दशकात भारताला अमेरिकेच्या बाजारातून मागे सारले, त्याच मोआंडाच्या दगडावर आज आपल्या भट्ट्या काही अंशी चालतात. डोंगरी बुजुर्गच्या डायऑक्साइड जातीच्या मँगनीजपासून साध्या कोरड्या सेलसाठी लागणारी भुकटी विदर्भात कित्येक वर्षे तयार होते आहे. वाहनांच्या विजेरीत लागणाऱ्या शुद्धतेचे सल्फेट मोठ्या प्रमाणावर तयार करण्याचे काम मात्र अजून उभे राहायचे आहे.