जुन्या मॅचला स्टार द्यायचे म्हणजे नक्की कशाला

रेसलिंगच्या जुन्या मॅचेसचा रिव्ह्यू म्हटलं की शेवटी स्टार आलेच, म्हणजे मॅच किती चांगली याचे गुण, साधारण पाचपैकी, आणि भांडण पण तिथेच. मुळात ही स्टारांची कल्पना ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या दोघा पोरसवदा फॅन्सची, त्यातला एक पुढे टेनिस रॅकेट घेऊन मॅनेजर म्हणून रिंगशेजारी उभा राहिला. पण गाजवली ती कॅलिफोर्नियातल्या एका न्यूजलेटरवाल्याने. त्याचे पहिले पाच स्टार गेले २१ एप्रिल १९८३ च्या टोकियोतल्या मॅचला, एक मुखवटेवाला जपानी आणि एक ब्रिटिश, दोघंही अंगाने लहान आणि वेगाला तोड नाही.

त्याआधीचं फार खोलात जायची गरज नाही. १९११ साली शिकागोच्या बेसबॉल मैदानात झालेल्या लढतीचा रिव्ह्यू कोण आणि कशावरून करणार. रिव्ह्यू करायला आधी ती मॅच बघायला मिळायला हवी, आणि ती मिळायला लागली व्हिडिओ कॅसेटमुळे. जपान आणि अमेरिका दोन्हीकडे टीव्ही सिग्नलची एनटीएससी हीच पद्धत असल्यामुळे टोकियोत टीव्हीवरून रेकॉर्ड केलेली कॅसेट अमेरिकेत तशीच चालायची, युरोपात पाल ही वेगळी पद्धत, तिथल्यांची मात्र पंचाईत. कॉपीची कॉपी, तिची परत कॉपी, चौथ्या हाताला येईपर्यंत चेहरे पुसट आणि खालून वर सरकणारे पट्टे. त्यात जपानी टीव्ही बऱ्याचदा मॅच कापून दाखवायचा, म्हणजे वीस मिनिटांची मॅच हातात यायची बारा मिनिटांची आणि लोक त्याच बारा मिनिटांना स्टार देऊन मोकळे. आज रिस्टोअर केलेली पूर्ण मॅच बघून कुणी म्हणतं की हे जुने लोक उगाच भारावून जायचे, तेव्हा हे लक्षात घेतलं पाहिजे की त्यांनी बघितलेली मॅच ही नव्हतीच.

‘वर्क’ या शब्दाचा पण घोळ आहे. धंद्यातल्या बोलीत वर्क म्हणजे ठरवून केलेलं, आपल्या भाषेत नुरा कुस्ती. त्यामुळे वर्कर म्हणजे घाम गाळणारा असं नाही, ते ठरवलेलं खरं वाटायला लावणारा. रिव्ह्यूवाल्यांनी त्यातून ‘वर्करेट’ काढला आणि त्याचा अर्थ हळूहळू झाला किती मूव्ह्ज, किती वेगात. २९ मार्च १९८७ ला मिशिगनच्या त्या अवाढव्य डोममध्ये दोन्ही टोकं एकाच रात्री दिसली. इंटरकॉन्टिनेंटल बेल्टची, म्हणजे दुसऱ्या नंबरच्या किताबाची मॅच साडेचार स्टार, आणि जिच्यासाठी एवढं पब्लिक आलं ती राक्षसाला उचलून आपटायची मेन इव्हेंट चक्क उणे चार. उणे! त्या साडेचारवाल्या मॅचमधली प्रत्येक हालचाल आधी कागदावर लिहून पाठ केलेली होती, हे बाहेर आलं नंतर. तेव्हाच्या बऱ्याच वर्कर्सना हे पटणारं नव्हतं, त्यांचं सगळं रिंगमध्येच एकमेकांच्या कानात ठरायचं.

दोनच वर्षांनी, १९८९ च्या फेब्रुवारीत, न्यू जर्सीच्या सिनेटसमोर तो डोमचा शो करणाऱ्या कंपनीने (आजची डब्ल्यूडब्ल्यूई) स्वतःच सांगून टाकलं की ही स्पर्धा नाही, मनोरंजन आहे. कारण नैतिक वगैरे काही नाही, राज्याच्या अॅथलेटिक नियमांतून सुटका हवी होती एवढंच. पण रिव्ह्यूवाल्यांना आयतंच बळ मिळालं, कारण निकाल खोटा हे मालकच कबूल करत असेल तर कोण जिंकला यावर बोलण्यापेक्षा कसं केलं यावर बोललेलं बरं.

आता मुख्य भानगड. ४ जानेवारी २०१७, टोकियो डोम, सेहेचाळीस मिनिटांच्या वरची मॅच आणि त्याच न्यूजलेटरवाल्याने दिले सहा स्टार. ९ जून २०१८ ला ओसाकात तेच दोघं दोन-ऑफ-थ्री फॉल्समध्ये, म्हणजे तीनपैकी दोन डाव जिंकायचे अशा मॅचमध्ये परत भिडले, तासाच्या वर चालली, आणि यावेळी सात. बाजू घेणारे म्हणतात की पाचचं छप्पर कधी नव्हतंच, आणि खरं सांगायचं तर उणे चार आठवले की हा मुद्दा खोडता येत नाही, खाली जमीन नव्हती तर वर छप्पर कशाला हवं. माझी तक्रार वेगळी आहे. २ एप्रिल १९८९ ला न्यू ऑर्लिन्समध्ये पण दोन-ऑफ-थ्री फॉल्सच होती, पंचावन्न मिनिटं, सुपरडोममध्ये गर्दी अगदीच तुटपुंजी, आणि तिला तेव्हाच्या मापाने मिळू शकत होते तेवढे सगळे मिळाले, म्हणजे पाच. माप वाढलं पण तिचे पाच पाचच राहिले. म्हणजे आज नुसती यादी बघणाऱ्या नव्या पोराला वाटणार की ही ओसाकापेक्षा दोन स्टारने कमी. ती कमी नाहीये हो, नियम नसला तरी तिच्या वेळी व्यवहारात पट्टी तिथे संपत होती. बरं, जुन्यांना परत मोजावं म्हटलं तर मोजणारा डोळा आजचा, फिनिशर (मॅच संपवणारा हुकमी डाव) खाऊन पण किकआऊट, म्हणजे तीन मोजायच्या आत सुटलेला माणूस बघायची सवय झालेला, त्याला दहा मिनिटांचा हेडलॉक म्हणजे टाइमपास वाटणार.

२०१४ मध्ये त्याच कंपनीचं जुन्या मॅचेसचं आर्काइव्ह महिन्याच्या वर्गणीत उघडं झालं आणि कॅसेटवाल्यांची सद्दी संपली. मॅच सगळ्यांना सारखीच दिसायला लागली, एकमत मात्र झालं नाही. १४ मार्च २००४ ची न्यूयॉर्कची मेन इव्हेंट घ्या. जिंकणाऱ्याने २००७ च्या जूनमध्ये बायको-मुलाचा जीव घेतला आणि मग स्वतःचा. काहीजण ती मॅच रिव्ह्यूलाच घेत नाहीत, काहीजण फक्त रिंगमधलं बघायचं म्हणून घेतात, मला अजून ती शेवटपर्यंत बघवत नाही.

न्यू ऑर्लिन्सच्या त्या मॅचच्या शेवटी हरणाऱ्याचा पाय दोरीखाली होता आणि रेफरीला दिसला नाही. त्यावरूनच ७ मे ला नॅशव्हिलमध्ये त्याच दोघांची त्या वर्षातली तिसरी मोठी मॅच, आणि टाइम संपला तर निकाल द्यायला तीन माजी चॅम्पियन जज म्हणून बसवले. त्यांची गरज पडलीच नाही. मॅच संपली, आणि त्यातलाच एक जज अभिनंदन करायला म्हणून उठला आणि जिंकलेल्याला टेबलावर पाइलड्रायव्हर दिला, म्हणजे उलटा धरून डोक्यावर आपटला. हे बेलनंतरचं त्या मॅचच्या स्टारांत धरायचं का वेगळं, यावर अजून दोन गट आहेत.